एक्स-रेवरचे गोल डाग आणि सोळा वर्षांची धूळ

वणी तालुक्यातून एका ताईंचं पत्र आलं आहे. नाव-गाव अर्थातच देत नाही. पत्र मोठं आहे, त्यातला महत्त्वाचा भाग असा:

«डॉक्टरसाहेब, माझे मालक 47 वर्षांचे आहेत. आधी सहा वर्षं गिट्टी खदानीत क्रशरवर होते, मग दहा वर्षं खुल्या कोळसा खाणीत ठेकेदाराकडे ड्रिल मशीनवर हेल्पर. चार वर्षांपासून त्यांना संधिवात आहे, रक्त तपासूनच सांगितलं होतं. हप्त्यातून एकदा मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या चालू होत्या. दिवाळीपासून कोरडा खोकला आहे. नळावरून पाण्याची एक गुंडी आणली तरी धाप लागते. छातीचा फोटो काढला तर दोन्ही फुप्फुसांवर गोल गोल डाग निघाले. एक डॉक्टर म्हणाले टीबी आहे, औषध चालू करा. दुसरे म्हणाले मोठ्या दवाखान्यात दाखवा, कॅन्सरही असू शकतो. गावात सगळे म्हणतात संधिवाताच्या गोळ्यांनीच फुप्फुस गेलं, म्हणून तीन हप्त्यांपासून गोळ्या बंद केल्या. आता बोटं पुन्हा सुजली. सासूबाईंनी त्यांचं ताट-गिलास वेगळं ठेवलं. खाणीतलं काम सुटलं. जिनिंगमध्ये रेच्यावर काम भेटते म्हणतात, जाऊ द्यावं का? मुलगा 19 वर्षांचा आहे, त्याला ठेकेदार बापाच्या जागेवर बोलावून राहिला. मी काय करू?»

ताई, सगळ्यात आधी तातडीचं सांगतो. बसल्या जागी धाप लागत असेल, ओठ किंवा नखं निळसर दिसत असतील, खोकल्यातून रक्त पडत असेल, किंवा ताप येऊन दोन-चार दिवसांत दम एकदम वाढला असेल, तर हे पुढचं वाचत बसू नका. 108 ला फोन करा आणि दवाखाना गाठा. तुमच्या आशाताईंकडे किंवा उपकेंद्रात बोटाला लावायचं ऑक्सिमीटर असेल. बसून एकदा आकडा पाहा, मग अंगणात पाच-सहा मिनिटं चालवून पुन्हा पाहा. बसल्या जागी 90 च्या खाली असेल तर त्याच दिवशी दवाखाना. चालल्यावर चार किंवा जास्त अंकांनी उतरत असेल, तर दोन्ही आकडे तारखेसह लिहून ठेवा. ते डॉक्टरांच्या फार कामाचे असतात.

आता तुमच्या पत्राकडे येतो. तुम्ही दोन्ही दवाखान्यांच्या कागदांच्या प्रती जोडल्यात, ते फार बरं केलंत. मी त्या नीट वाचल्या. एका कागदावर व्यवसायाच्या रकान्यात 'मजूर' लिहिलंय, दुसऱ्यावर तो रकाना रिकामाच आहे. ड्रिल मशीन, क्रशर, खाण यातला एकही शब्द कुठेच नाही. तुम्ही मला पत्राच्या दुसऱ्याच ओळीत जे सांगितलं, ते ज्यांनी फोटो पाहिला त्यांच्यापर्यंत पोचलेलंच नाही. त्यांनी विचारलं नसेल, तुमच्या मालकांना सांगण्याजोगं वाटलं नसेल. पण तुमच्या सगळ्या प्रश्नांची गाठ तिथेच आहे. छातीवर गोल डाग असलेला मजूर आणि छातीवर गोल डाग असलेला, संधिवाताचा, सोळा वर्षं दगडाच्या धुळीत काम केलेला माणूस, या दोघांचा विचार डॉक्टर वेगवेगळा करतात.

1953 साली ब्रिटनमधल्या वेल्स भागात अँथनी कॅप्लान नावाच्या डॉक्टरांनी कोळसा खाणीतल्या कामगारांचे एक्स-रे पाहताना एक गोष्ट टिपली. ज्या खाण कामगारांना संधिवात, म्हणजे रूमेटॉइड आर्थ्रायटिस, होता, त्यांच्यातल्या काहींच्या दोन्ही फुप्फुसांत, बहुतेक कडेच्या बाजूला, स्पष्ट कडा असलेले गोल डाग दिसत होते. अर्ध्या सेंटिमीटरपासून पाच सेंटिमीटरपर्यंत. नुसत्या धुळीनं होणाऱ्या आजारात दिसणाऱ्या बारीक ठिपक्यांपेक्षा हे निराळे होते. आज याला कॅप्लान सिंड्रोम म्हणतात. पुढे कोळशाशिवाय सिलिकाच्या, म्हणजे दगड-वाळूतल्या गारेच्या धुळीत काम करणाऱ्यांतही तो आढळला. तुमच्या मालकांच्या वाट्याला दोन्ही धुळी आल्यात. आपल्याकडे कोळशाच्या थराच्या वर वालुकाश्माचे जाड थर असतात. ते फोडण्याचं, कामगार ज्याला 'ओबी'चं काम म्हणतात ते काम, म्हणजे वाळूपासून बनलेल्या दगडात भोकं पाडणं. कोळशाच्या धुळीपेक्षा ही धूळ फुप्फुसाला जास्त घातक.

मी फोटो पाहिलेला नाही आणि पत्रावरून निदान करणार नाही. पण ही शक्यता डॉक्टरांसमोर ठेवल्याशिवाय पुढचा कोणताही निर्णय घेऊ नका, हे मी ठामपणे सांगतो.

धुळीचा आणि सांध्यांचा संबंध काय, असं तुमच्या मनात येईलच. जी धूळ डोळ्यांना दिसते, अंगावर बसते, नाकात जाते, ती बरीचशी शिंकून-खोकून बाहेर पडते. घात करते ती न दिसणारी धूळ, केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाहूनही बारीक. ती फुप्फुसाच्या पार शेवटच्या पिशव्यांपर्यंत जाते. तिथं शरीराच्या पहारेकरी पेशी तिला गिळतात, पण गारेचा कण पचत नाही. पेशी मरते, कण पुन्हा मोकळा होतो, दुसरी पेशी गिळते, तीही मरते. बाभळीचा काटा आत मोडून राहिला की भोवती गाठ धरते, तसं हे वर्षानुवर्षं चालतं. या सततच्या दाहात शरीराची प्रतिकारशक्ती बिघडते आणि स्वतःच्याच प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊ लागतात. ज्या अँटी-सीसीपी तपासणीवरून संधिवाताचं निदान होतं, ती याच जातीची प्रतिपिंडं. सिलिकाच्या धुळीत काम करणाऱ्यांमध्ये संधिवाताचं प्रमाण जास्त असतं हे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलंय, आणि सोबत विडी-सिगारेट असेल तर धोका आणखी वाढतो. म्हणजे तुमच्या मालकांचा संधिवात आणि फुप्फुसाचं दुखणं हे दोन वेगळे भोग नसून, एकाच धुळीनं दोन्हींकडे वाट काढली असण्याची दाट शक्यता आहे.

त्यांच्या कोपराच्या मागच्या बाजूला, हाडाजवळ, कातडीखाली टणक, न दुखणाऱ्या गाठी लागतात का, ते हात फिरवून बघा. संधिवाताच्या अशा गाठी असतील तर तेही डॉक्टरांना दाखवा. फुप्फुसातले गोल डाग कधी कधी त्याच प्रकारच्या गाठी असतात.

पण इथे मला एक गोष्ट खटकते. कॅप्लानच्या गाठी नुसत्या असतील तर त्यांचा त्रास सहसा फारसा होत नाही. पुष्कळांना त्या दुसऱ्याच कशासाठी तरी काढलेल्या फोटोत कळतात. त्या काही हप्त्यांत उगवतात, कधी आतून पोकळ होतात, कधी चुना धरतात, कधी आपोआप जिरतातही. एका गुंडीनं धाप लागते याचा अर्थ, डागांखेरीज आणखी काहीतरी चाललेलं असू शकतं. खुद्द सिलिकोसिस, म्हणजे सिलिकाच्या धुळीनंच होणारा फुप्फुसाचा आजार. विडीनं आकुंचलेल्या श्वासनळ्या. किंवा संधिवातानंच फुप्फुसाच्या जाळीला येणारा ताठरपणा, ज्याला डॉक्टर आयएलडी म्हणतात. हा ताठरपणा साध्या फोटोत सुरुवातीला दिसतच नाही. म्हणून गोल डागांवर सगळ्यांची नजर खिळलीय, तशी धाप मागे राहू नये. छातीचा एचआरसीटी, म्हणजे बारीक कापांचा सीटी स्कॅन, फुंकण्याची तपासणी, वायू रक्तात किती मुरतो ते मोजणारी डीएलसीओ, आणि सहा मिनिटं चालवून ऑक्सिजन पाहणं, एवढं झालं की चित्र बरंच स्पष्ट होतं. छातीच्या मागच्या बाजूला खालपर्यंत नळी लावून नीट ऐकलं तर आयएलडीत वेल्क्रो उघडल्यासारखा चरचर आवाज येतो. शर्ट काढून, पाठीवर नळी लावून तपासा असं डॉक्टरांना सांगायला संकोच करू नका.

टीबीचं म्हणाल, तर ती शंका घेणारे डॉक्टर चुकलेले नाहीत. सिलिकाच्या धुळीनं फुप्फुसाचे पहारेकरी दुबळे होतात, त्यामुळे अशा कामगारांना टीबी इतरांपेक्षा जास्त होतो. संधिवातावरची काही औषधं, विशेषतः स्टेरॉइड, त्यात भर घालतात. तेव्हा टीबी शोधायलाच हवा. पण शोधायला हवा, धरून चालायला नको. बेडक्याची सीबीनॅट तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते. सकाळी उठल्यावर, चूळ भरून, खोल खोकून निघालेला बेडका द्यायचा, थुंकी नव्हे. त्यांचा खोकला कोरडा आहे, म्हणून बेडका निघत नसेल तर मिठाच्या पाण्याची वाफ देऊन काढता येतो, नाहीतर दुर्बिणीनं. ती तपासणी व्हायच्या आधीच औषध चालू करायला कुणी सांगत असेल तर का, हे विचारा. टीबीची औषधं आणि मेथोट्रेक्सेट या दोन्हींचा भार लिव्हरवर पडतो, म्हणून हा निर्णय हलका नाही. तपासणीत टीबी निघालाच तर मात्र एकही गोळी न चुकवता पूर्ण कोर्स घ्यायचा. सिलिकोसिससोबत टीबी असेल तर डॉक्टर कोर्स नेहमीपेक्षा लांबवतात, त्यालाही घाबरू नका.

कॅन्सरची शंकाही मी झटकून टाकणार नाही. तुम्हाला धीर द्यायला खोटं बोलण्यात अर्थ नाही. सिलिकाची बारीक धूळ कॅन्सर करू शकते असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं 1997 मध्येच जाहीर केलंय, आणि विडीची जोड असेल तर जास्तच. पण दोन्ही बाजूंना अनेक, गोल डाग, सोबत संधिवात आणि धूळ, हे ऐकल्यावर कॅन्सर हे माझ्या मनात पहिलं नाव नाही. हे ठरवायला सगळ्यात स्वस्त आणि मोलाची गोष्ट कोणती, सांगू? जुना फोटो. दोन-तीन वर्षांपूर्वीच्या फोटोत तेच डाग तेवढेच असतील तर काळजी खूप कमी होते. आणि असा फोटो कुठे मिळेल तेही सांगतो. खाणीत कामावर घेण्याआधी आणि नंतर ठरावीक मुदतीनं कामगाराची तपासणी व्हायला हवी, ठेकेदाराच्या कामगाराचीही. तुमच्या मालकांना 'पीएमई' म्हटलं की लगेच कळेल. त्यात छातीचा फोटो असतो. घरात पत्र्याच्या पेटीत शोधा. नसेल तर लेखी अर्ज देऊन प्रत मागा आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. जुना फोटो नसला आणि सीटीवर शंका राहिली, तर सुई घालून तुकडा काढावा लागेल. 'सुई लावली की कॅन्सर पसरतो' या गावातल्या समजापायी ते टाळू नका.

आता गोळ्या. तीन हप्त्यांपूर्वी त्या बंद केल्या, त्यामागची भीती मी समजू शकतो. मेथोट्रेक्सेटनं फुप्फुसाला सूज येऊ शकते हे खरं आहे, पण तसं क्वचित होतं, बहुतेक वेळा औषध सुरू केल्याच्या पहिल्या वर्षात होतं, आणि ताप, कोरडा खोकला, धाप असं काही दिवसांत-हप्त्यांत झपाट्यानं वाढतं. चार वर्षं गोळी चालू, त्रास दिवाळीपासून हळूहळू, आणि फोटोत गोल डाग, हे चित्र त्याच्याशी जुळत नाही. काही रुग्णांत या औषधावर संधिवाताच्या गाठी वाढतात, हेही डॉक्टर ध्यानात घेतील. पण उलट बाजूही तेवढीच महत्त्वाची आहे. संधिवात मोकाट राहिला की तोच फुप्फुस खातो. बोटं पुन्हा सुजलीत म्हणजे आतली आग पुन्हा पेटलीय.

तरीही आज घरच्या घरी गोळी पुन्हा सुरू करा, असं मी म्हणणार नाही. धापेचं कारण कळेपर्यंत तो निर्णय डॉक्टरांनी प्रत्यक्ष तपासून घ्यायचा आहे. म्हणूनच हे काम महिनाभर लांबवू नका, याच हप्त्यात जा. सुरू करायला सांगितली तर हप्त्यातून एकदाच, ठरलेल्या वारी, आणि फॉलिक अ‍ॅसिड सांगितल्याप्रमाणे. ही गोळी चुकून रोज घेतली गेल्यानं माणसं दगावली आहेत. पुडीवर वार मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

बोटं सुजलीत म्हणून मधल्या काळात कुणाकडून सुई टोचून आणायची नाही, आणि 'दोन डोसात आराम' देणारी बाजाराच्या दिवशीची पुडीही आणायची नाही. अशा पुड्यांमध्ये बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. दोन दिवस माणूस धावू लागतो, पण त्याआडून टीबी वाढत जातो. या एका गोष्टीवर माझ्यावर रागावलात तरी चालेल, पण हे ऐका.

जायचं कुठे? तुम्हाला चंद्रपूर आणि यवतमाळचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, आणि गरज पडली तर नागपूरचं मेडिकल किंवा एम्स, हे मार्ग आहेत. छातीच्या विभागात आणि मेडिसिन विभागात, दोन्हीकडे दाखवायचं. नुसतं हाडांच्या डॉक्टरांकडे जाऊन भागणार नाही. रेशन कार्ड आणि आधार सोबत ठेवा. भरती करायची वेळ आली तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या खिडकीवर आरोग्यमित्र बसतात, त्यांना आधी भेटा.

आणि जाण्याआधी मुलाला बसवून एका कोऱ्या कागदावर हे लिहून घ्या: कोणत्या साली ते कोणत्या साली क्रशरवर, तिथं नेमकं काम काय. कोणत्या साली ते कोणत्या साली ड्रिलवर. ड्रिलला पाणी लावलेलं होतं की कोरडं चालायचं. तोंडाला काय बांधायचे. विडी किती वर्षं, दिवसाला किती. सांधे कधी धरले, सकाळी बोटं मोकळी व्हायला किती वेळ लागतो. खोकला कधीपासून, धाप कशानं. सोबत काम करणाऱ्या आणखी कुणाला असा त्रास आहे का, कुणी गेलंय का. हा कागद केसपेपरला टाचून द्या आणि डॉक्टरांना म्हणा, 'साहेब, यांचं काम धुळीचं होतं, ते कागदावर लिहा.'

मी यावर एवढा अडून बसतो याला औषधापलीकडचंही कारण आहे. सिलिकोसिस आणि कोळशाच्या धुळीनं होणारा फुप्फुसाचा आजार हे कायद्यानं कामामुळे होणारे आजार म्हणून मान्य आहेत, नुकसानभरपाईच्या यादीत आहेत, आणि निदान झालं की कळवणं बंधनकारक आहे. संधिवात त्या यादीत नाही. डिस्चार्ज कार्डावर नुसतं 'संधिवाताच्या गाठी' असं लिहिलं गेलं तर सोळा वर्षांची धूळ कागदावरून पुसली जाते आणि तुमचा हक्कही तिच्याबरोबर जातो. दोन्ही असेल तर दोन्ही लिहिलं गेलं पाहिजे.

ठेकेदार म्हणेल, हा माझा माणूसच नव्हता. हे फार ठिकाणी ऐकू येतं. म्हणून आतापासूनच पुरावे गोळा करा: खाणीचा गेटपास, व्हीटीसी, म्हणजे खाणकामाच्या प्रशिक्षण केंद्राचं प्रमाणपत्र, पीएफ कापल्याची चिठ्ठी, बँक पासबुकात पगार जमा झाल्याच्या नोंदी, मशीनजवळ उभं राहून काढलेला एखादा फोटो, सोबतच्या दोघा-तिघांची नावं. ठेकेदारामार्फत काम केलं तरी ज्याच्यासाठी काम झालं त्या खाणीच्या मूळ मालकाची भरपाईची जबाबदारी सुटत नाही. खाण सुरक्षा महासंचालनालयाचं कार्यालय नागपूरला आहे, तिथं लेखी तक्रार देता येते. वकिलाच्या फीची चिंता असेल तर तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीत जा. बाईमाणसाला तिथं उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, आणि कारखान्या-खाणीतल्या कामगारालाही. 15100 वर फोन करूनही विचारता येतं. दाव्याला मुदत असते, 'बरे झाले की बघू' म्हणू नका.

उपचारांबद्दल थोडक्यात. फुप्फुसात अडकलेली धूळ बाहेर काढणारं औषध नाही. गूळ खाऊन, दूध-हळद पिऊन ती निघत नाही. कॅप्लानच्या गाठींना बहुधा वेगळं औषध लागत नाही, संधिवात काबूत ठेवायचा आणि काही महिन्यांनी पुन्हा फोटो. आयएलडी निघाला तर संधिवाताची औषधं त्या हिशोबानं बदलतात, आणि ताठरपणा वाढतच असेल तर निन्टेडॅनिबसारखं तो वेग कमी करणारं औषध आहे. पुढे कधी संधिवातासाठी बायोलॉजिक इंजेक्शनचा विषय निघाला तर त्याआधी लपलेल्या टीबीची तपासणी झालीच पाहिजे. दरवर्षीची फ्लूची लस आणि न्यूमोकॉकसची लस यांबद्दल डॉक्टरांना विचारा. विडी ओढत असतील तर ती मात्र आजच बंद. यात मी कोणतीही सवलत देऊ शकत नाही.

जिनिंगच्या, म्हणजे रेच्यावर कापसातून सरकी वेगळी करण्याच्या, कामाला माझं उत्तर 'नाही' असं आहे. रुई-सरकीच्या धुळीत कपाशीच्या पानांचा चुरा आणि जंतूंचं विष असतं, धडधाकट माणसाचीही छाती त्यानं आवळते. दगडाची धूळ सोडून कापसाच्या धुळीत जाणं म्हणजे फुप्फुसाला उसंतच नाही. दोन हंगामांचा पगार दिसतो, पण पुढची दहा वर्षं त्यात जातात. शेतातही हे सांभाळावं लागेल. सोयाबीन, तूर काढताना हडंब्याच्या, म्हणजे मळणी यंत्राच्या, तोंडाशी उभं राहायचं नाही. कुटार भरायचं, बुरशी आलेली वैरण झटकायची कामं त्यांना देऊ नका. गमछा बांधून भागत नाही, बारीक धूळ त्यातून आरपार जाते. थोडा वेळ जावंच लागलं तर एन-95, आणि तो नाकावर घट्ट बसला पाहिजे. घरात पऱ्हाटी-तुराट्यांची चूल असेल तर त्यांची खाट दुसरीकडे हलवा, आणि जमेल तेवढा गॅस वापरा, तुमच्या स्वतःच्याही छातीसाठी. अंगण झाडण्याआधी पाणी शिंपडा. काम हवंच आहे हे मला कळतं. बसून, धुळीबाहेर करता येईल असं काही, पानटपरी सोडून छोटं दुकान म्हणा, शाळेत किंवा गोदामावर राखणदारी म्हणा, यातलं काय जमेल ते तपासण्या झाल्यावर त्यांचा दम पाहून ठरवू.

सासूबाईंना हे माझ्याकडून वाचून दाखवा: आई, धुळीनं झालेला आजार कुणालाही लागत नाही. संधिवातही लागत नाही. आणि उद्या टीबी निघाला तरी तो ताटातून, गिलासातून पसरत नाही, खोकताना उडणाऱ्या हवेतून पसरतो. बेडक्याचा रिपोर्ट येईपर्यंत त्यांनी खोकताना तोंडावर रुमाल धरावा आणि घराची खिडकी उघडी ठेवावी, एवढं पुरे. ताट वेगळं केल्यानं घरातल्या कुणाचं रक्षण होत नाही, फक्त तुमच्या लेकाचं जेवण कमी होतं. आणि या आजारात वजन उतरणं परवडणारं नाही.

राहिला मुलगा. ताई, माझं स्पष्ट मत आहे की त्याला बापाच्या जागेवर पाठवू नका. संधिवात सरळ वारशानं येत नाही, पण बापाला असला की मुलाला होण्याची शक्यता इतरांपेक्षा काहीशी जास्त असते. त्यात सिलिका आणि विडी यांची भर पडली तर आपणच त्याला त्या वाटेवर ढकलल्यासारखं होईल. आयटीआय, ड्रायव्हिंग, दुसरं काहीही आधी बघा. पण पोटासाठी दुसरा मार्गच उरला नाही आणि तो जाणारच असेल, तर ठेकेदाराला त्यानं आधी विचारावं: ड्रिलला पाण्याचा फवारा किंवा धूळ ओढणारं यंत्र लावलेलं आहे का? हेल्परला बसायला बंद केबिन आहे का, की भोकाच्या तोंडाशीच उभं राहायचं? कामाआधी व्हीटीसी आणि छातीचा फोटो होणार का, आणि त्याची प्रत माझ्या हातात मिळणार का? यातल्या एकाही प्रश्नाला टाळाटाळ झाली तर तो पहिल्याच दिवशी परत येऊ दे. तपासण्यांचे रिपोर्ट हाती आले की मला पुन्हा लिहा, तोपर्यंत मुलाचा होकार देऊ नका.